डिश खरंच फिरली का?

आमच्या बारामती-इंदापूर भागात पतंगाचे दिवस म्हणजे नागपंचमीचे दिवस. त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर होतो आणि पुतण्या खाली टीव्हीसमोर. गच्चीवर दोन डिश आहेत. एक जुनी, आठ फुटी, जाळीची. दुसरी नव्वद सेंटिमीटरची पत्र्याची, मोटरवर फिरणारी. लहान डिश ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाकडं रोखलेली होती आणि तिला ६८.५ वर न्यायचं होतं. पुतण्यानं रिमोटचं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात डिशचं छोटं चित्र फिरू लागलं, शेजारचा आकडा उतरत गेला आणि वीसेक सेकंदांत थांबला. खालून आवाज आला, ‘‘काका, पोचली!’’

माझ्यासमोर डिश जागची हललीसुद्धा नव्हती. आदल्या दिवशी कुणाचा तरी कापलेला पतंग पाण्याच्या टाकीवर अडकला होता. त्याच्या नायलॉन मांज्यानं डिशचा हात टाकीच्या पाइपाशी करकचून बांधला होता. मोटर थोडी घुरघुरली आणि गप्प झाली. पडद्यावरच्या डिशनं मात्र आपला प्रवास नीट पूर्ण केला होता.

मांजा सोडवायला पाच मिनिटं लागली, पण त्या आकड्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही. डिश हलली नाही, तर पडद्यावर हललं ते काय? तो आकडा कुणी मोजला होता? उत्तर शोधताना मी गच्चीवरून निघालो आणि पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचलो. हा लेख त्या वाटेचा.

दक्षिणेकडचा पट्टा

आधी डिश फिरवायची कशाला, ते पाहू. विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, एक अदृश्य वर्तुळ आहे. तिथल्या उपग्रहाला पृथ्वीभोवतीच्या एका फेरीला तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला लागतो: २३ तास ५६ मिनिटं. त्यामुळं खालून पाहणाऱ्याला तो जागेवर खिळल्यासारखा वाटतो. दूरदर्शनचे, हवामानाचे, संदेशवहनाचे असंख्य उपग्रह या एकाच वर्तुळावर ओळीनं आहेत. त्यांचा पत्ता म्हणजे ज्या रेखांशाच्या वर ते उभे आहेत तो आकडा. डीडी फ्री डिश ९३.५ पूर्वेला. स्टार टीव्ही १९९१ साली ज्या एशियासॅट-१ वरून आपल्याकडं आला, तो १०५.५ पूर्वेला.

आणि ७४ पूर्वेला भारताची स्वतःची, जुनी, मानाची जागा. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर अवकाशयानातून निघालेला इन्सॅट-१बी तिथं स्थिरावला आणि गावोगावच्या लहान प्रक्षेपण केंद्रांना दिल्लीचा कार्यक्रम त्याच्यावरून मिळू लागला. त्याच्या आदल्या वर्षीचा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, म्हणून १बी स्थिरावल्याचं मोल मोठं होतं. पुढं त्याच जागेवर २००२ साली हवामानाचा कल्पना-१ आला, २००४ साली शिक्षणासाठीचा एज्युसॅट आला आणि २०१६ साली ढगांची चित्रं पाठवणारा इन्सॅट-३डीआर.

बारामतीचा रेखांश ७४.५८ पूर्व. म्हणजे ७४ पूर्वेची ही जागा आमच्या गच्चीवरून जवळजवळ थेट दक्षिणेला आहे, केसभर पश्चिमेकडं. क्षितिजापासूनची तिची उंची सुमारे ६९ अंश, म्हणजे जवळपास डोक्यावरच. म्हणूनच आमच्याकडची डिश परातीसारखी आडवी पडलेली दिसते आणि तिच्यात पाला साचतो. दिल्लीकडं गेलं की तीच डिश उभी होत जाते, कारण तिथून हा पट्टा दक्षिणेकडं खाली झुकतो.

या पट्ट्याचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे आपली थेट दक्षिण. तिथून पूर्वेला आणि पश्चिमेला तो कमानीसारखा उतरत जातो. एका डिशनं अनेक उपग्रह पाहायचे असतील तर ती या कमानीवरून सरकली पाहिजे. मोटरचं काम तेवढंच. पण ते काम जुळवून आणायला थोडं खगोलशास्त्र लागतं, आणि ते आपल्या अंगणातलंच आहे.

ध्रुवाकडं तोंड केलेली मोटर

लग्नात नव्या नवरीला ध्रुव दाखवतात, कारण तो जागचा हलत नाही. पृथ्वीचा अक्ष त्याच्याकडं रोखलेला आहे, म्हणून बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरताना दिसतात. फिरत्या डिशच्या मोटरचा अक्षही तसाच, ध्रुवाकडं तोंड करून बसवायचा असतो. आमच्या गावाचा अक्षांश १८ अंशांच्या किंचित पुढं, म्हणून आमच्याकडं ध्रुव उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. मोटरच्या अंगावर अक्षांशाची पट्टी कोरलेली असते, तिथला काटा १८ वर घ्यायचा. एवढं झालं आणि डिश त्या अक्षापासून आणखी तीनेक अंश खाली झुकवली की मोटर एका दिशेला नुसती फिरवूनही डिश कमानीवर चालते. डिश वर-खाली करायला वेगळी मोटर लागत नाही.

पण त्याआधी खरी दक्षिण सापडायला हवी. होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ बहकतं. त्यापेक्षा ओळंबा बरा. गवंड्याचा ओळंबा गच्चीत टांगायचा आणि भरदुपारी त्याची सावली आखायची. सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो त्या क्षणी सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते. मात्र तो क्षण घड्याळात बाराला येत नाही. आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचं, आपण त्याच्या आठेक अंश पश्चिमेला, म्हणून सरासरीनं बत्तीस मिनिटं उशीर. त्यात ऋतूनुसार पंधरा-सोळा मिनिटांचं कमीजास्त होतं. दिवाळीच्या दिवसांत बारामतीत खरा मध्यान्ह सव्वाबाराच्या किंचित पुढं असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यात तो पावणेएकला येतो. ज्याला पटत नसेल त्यानं दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन वेळा सावली आखून पाहावी.

आता आकड्यांकडं. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ वर आणि आपण ७४.६ वर. नकाशावरचं अंतर १८.९ अंश. मग मोटर दक्षिणेपासून १८.९ अंश फिरवायची का? नाही, २२ अंश. १०५.५ साठी नकाशात ३०.९ अंशांचा फरक, मोटर मात्र ३५.७ अंश फिरते. हा जादा भाग कुठून आला, हे मला आजोळच्या खळ्यावरून समजलं. मळणीच्या वेळी मधल्या तिवड्याला टेकून उभं राहा आणि कडेनं फिरणाऱ्या बैलाकडं पाहत राहा. मग तिवड्यापासून दोन पावलं पुढं, बैलाच्या बाजूला सरका. आता तोच बैल तेवढाच चालला तरी मान जास्त वळवावी लागते. रेखांश मोजले जातात पृथ्वीच्या केंद्रातून, म्हणजे तिवड्यापासून. आपण मात्र उभे आहोत पृष्ठभागावर, उपग्रहाच्या बाजूला ६,३७८ किलोमीटर पुढं सरकून.

हे गणित आता रिसीव्हर स्वतः करतो. त्याला आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश सांगायचे आणि उपग्रहाचा रेखांश सांगायचा. तो कोन काढतो आणि मोटरला तेवढं फिर म्हणून सांगतो. इटलीतल्या स्टॅब या मोटर बनवणाऱ्या कंपनीनं आणलेली ही पद्धत यूसॅल्स नावानं जवळपास प्रत्येक रिसीव्हरच्या मेनूत दिसते. इथं एक चूक हमखास होते. नकाशात बारामती ७४ अंश ३५ कला लिहिलेली असते आणि माणूस रिसीव्हरमध्ये ७४.३५ भरतो. एका अंशात साठ कला असतात, म्हणून ३५ कला म्हणजे ०.५८ अंश. भरायचं ते ७४.६. हीच डिश गाडीत घालून इंदापूरला नेली आणि गावाचा आकडा बदलला नाही, तर रेखांशातल्या ०.४५ अंशाच्या फरकामुळं मोटर अर्धा अंश चुकेल. चित्र कदाचित दिसेल, पण पावसाचा एक ढग आला की पहिलं तेच जाईल.

ठोके मोजणारी पेटी

जाळीच्या आठ फुटी डिशचं तंत्र याहून जुनं आणि माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. नव्वदच्या दशकात गावोगावच्या केबलवाल्यांकडं डिशची रांग असायची, एकेका उपग्रहासाठी एकेक पक्की बसवलेली. ज्याला छंद होता आणि जागा एकाच डिशपुरती होती, तो फिरती डिश लावायचा. तिला ढकलायला एक लांब दांडा असतो. आत स्क्रू, टोकाला ३६ व्होल्टची मोटर. मोटर फिरली की दांडा लांबतो किंवा आखडतो आणि डिश पूर्वेला किंवा पश्चिमेला कलते.

या दांड्याच्या आत एक लहानसा चुंबक मोटरबरोबर फिरतो. त्याच्या शेजारी काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पात्या असतात. चुंबक जवळ आला की पात्या जुळतात, लांब गेला की सुटतात. प्रत्येक जुळणी म्हणजे एक ठोका. खाली ठेवलेली पेटी हे ठोके मोजते आणि तांबड्या आकड्यांत दाखवते: ४१२, ४१३, ४१४. म्हणजे पेटीवर दिसणारा प्रत्येक आकडा गच्चीवर खरोखर घडलेल्या हालचालीची पोच आहे. दांडा अडकला तर ठोके थांबतात. वीज चालू असून दोन-तीन सेकंद ठोका आला नाही, की पेटी वीज तोडते आणि चूक दाखवते. माझ्या मांज्याची बातमी या पेटीनं तिथल्या तिथं दिली असती.

तरीही ही पेटी चुकायची, आणि का चुकायची हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लोडशेडिंग. डिश वाटेत असताना वीज गेली तर मोटर लगेच थांबत नाही. आपल्या वेगात ती थोडी पुढं सरकते, आणि तेवढ्यात दोन-चार ठोके पडतात. पण मोजणारी पेटी तेव्हा मेलेली असते. वीज येते तेव्हा पेटीच्या स्मरणातला आकडा आणि दांड्याची जागा यांत तेवढं अंतर पडलेलं असतं. पुढं नेमून दिलेली प्रत्येक जागा तेवढीच चुकते. एकदा चार, पुढच्या वेळी तीन, असं साठत साठत एक दिवस सगळेच उपग्रह हरवतात. उपाय ठरलेला असायचा. ओळखीच्या एका उपग्रहावर डिश हातानं आणायची, चित्र सर्वांत स्वच्छ होईपर्यंत मागं-पुढं करायची आणि पेटीला सांगायचं, बाई, तू आत्ता इथं आहेस. मग बाकीचे सगळे हिशेब आपोआप जुळायचे.

वहीत हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. नोंदी कितीही नीट ठेवल्या तरी अधूनमधून गोदामात जाऊन पोती मोजावीच लागतात.

एक हुकूम आणि वीस सेकंदांचं मौन

लहान डिशच्या मोटरला वेगळी तार नसते. रिसीव्हरमधून एकच केबल निघते, ती मोटरकडं जाते आणि मोटरमधून पुढं डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीकडं. त्याच तारेतून चित्र खाली येतं, त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्टची वीज वर जाते आणि त्याच तारेतून हुकूमही जातो. हुकमाची भाषा युटेलसॅट या युरोपातल्या उपग्रह संस्थेनं घडवली. तिचं नाव डायसेक. विजेवर २२ किलोहर्ट्‌झची बारीक थरथर चढवायची, लांब थरथर म्हणजे शून्य, आखूड म्हणजे एक. एका अंकाला दीड मिलिसेकंद. असे आठ अंक आणि तपासणीचा एक मिळून एक शब्द. ‘अमुक कोनावर जा’ हा हुकूम पाच शब्दांचा.

हिशेब केला तर तो ६७.५ मिलिसेकंदांत संपतो. एका सेकंदाच्या पंधराव्या भागात. पापणी लवते त्याहूनही लवकर.

आणि माझ्या डिशला ९३.५ वरून ६८.५ वर जायला मोटर २९ अंश फिरवावी लागते. सेकंदाला दीड-दोन अंशांच्या चालीनं पंधरा ते वीस सेकंद. या सगळ्या वेळात मोटर एक अक्षरही परत बोलत नाही, कारण घरोघरच्या फिरत्या डिशमध्ये वापरली जाणारी डायसेकची ही आवृत्ती एकतर्फी आहे. रिसीव्हर सांगतो, मोटर ऐकते. मोटरनं ऐकलं का, ती निघाली का, पोचली का, हे तिनं उलट कळवण्याची सोयच त्यात नाही.

मग पडद्यावर फिरणारं चित्र कशाच्या आधारावर फिरतं? अंदाजाच्या. रिसीव्हरला आठवतं की मागच्या वेळी आपण हिला ९३.५ वर पाठवलं होतं. मेनूत कुणीतरी मोटरचा वेग भरलेला असतो. दोन कोनांतलं अंतर भागिले वेग, म्हणजे इतके सेकंद. तेवढा वेळ तो आकडा उतरवत जातो आणि शेवटी पोचली म्हणून जाहीर करतो. वेग चुकीचा भरला असेल तर आकडा डिशच्या आधी पोचतो किंवा नंतर. १३ व्होल्टवर मोटर सावकाश चालते, १८ वर जलद, आणि कोणतं व्होल्टेज मिळेल हे त्या वेळी लावलेल्या चॅनलवर ठरतं. थंडीत वंगण घट्ट झालं की चाल आणखी मंदावते. पडद्याला यातलं काही दिसत नाही.

काही रिसीव्हर याच्या एक पाऊल पुढं जातात. विशेषतः लिनक्सवर चालणारे, छंदिष्टांच्या आवडीचे. केबलमधून किती वीज ओढली जाते हे ते मोजतात. नुसता एलएनबी असेल तर ओढ कमी, मोटर फिरू लागली की वाढते, थांबली की पुन्हा उतरते. मोटर बोलत नाही, पण तिची भूक कळते. हा आकडा खरा, मोजलेला. तरीही तो मोटर फिरली एवढंच सांगतो. डिशचा नट ढिला असेल आणि पाइपावर मोटरच गरगरत असेल, तर त्याला ते कळणार नाही.

शेतकऱ्याला हा फरक मी सांगायला नको. आमच्याकडं विहिरीवरच्या पंपाला मोबाइलवरून चालू-बंद करण्याची पेटी आता सर्रास असते. बारामतीत बसून बटण दाबायचं आणि नीरेच्या काठावरची मोटर चालू करायची. ‘मोटर चालू’ असा संदेश येतो. तरी घरातलं जुनं माणूस म्हणतंच, पाणी पाटात आलंय का ते बघून ये. ते संशयी असतं म्हणून नाही. हुकूम गेला ही एक गोष्ट, मोटर फिरली ही दुसरी आणि उसाला पाणी पोचलं ही तिसरी, हे त्याला आयुष्यभराच्या अनुभवानं ठाऊक असतं.

पट्टी भरली म्हणजे पोचलो का?

तुम्ही म्हणाल, आकडा सोडा, सिग्नलची पट्टी तर खोटं बोलत नाही. तिचंही नीट ऐकून घ्यावं लागतं. बहुतेक रिसीव्हरवर दोन पट्ट्या असतात, ताकद आणि दर्जा. ताकदीची पट्टी रिकाम्या आकाशाकडं पाहतानाही बरीच भरलेली असते, कारण एलएनबीची स्वतःची गुणगुण तिच्यात मोजली जाते. तार जोडलेली आहे आणि एलएनबी जिवंत आहे, एवढाच तिचा अर्थ. दर्जाची पट्टी मोलाची. रिसीव्हरला ठरलेल्या लहरीवर अर्थ लागणारा मजकूर सापडला तरच ती उठते. पण त्यावरचा ‘७२ टक्के’ हा आकडा कशाचा शेकडा, हे प्रत्येक उत्पादक स्वतःच ठरवतो. एका रिसीव्हरचे ७२ दुसऱ्याच्या ७२ शी ताडून पाहता येत नाहीत.

आणखी एक फसगत असते. पट्ट्यावरचे उपग्रह एकमेकांपासून दोन-तीन अंशांवर असतात आणि नव्वद सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे दोन अंश रुंद. शेजारच्या उपग्रहावर नेमकी तीच लहर, मजकुराचा तोच वेग असेल, तर दर्जाची पट्टी छान उठते, आणि आपण मात्र शेजाऱ्याच्या दारात उभे असतो. खात्रीचा उपाय एकच. चॅनलची नावं शोधायला लावायची. उपग्रहावरून येणाऱ्या मजकुरातच वाहिन्यांची यादी असते. ती वाचली की कुठं आलो ते समजतं. वाटेत दिसलेल्या माणसाची ओळख जशी नाव ऐकल्यावर पटते, तशी.

म्हणजे एका डिशच्या हालचालीविषयी पडद्यावर चार वेगवेगळ्या जातींची माहिती एकाच रंगात, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसते. सांगितलेलं, मानलेलं, मोजलेलं आणि ओळखलेलं. पाहणाऱ्याला त्यांत फरक करायला जागाच ठेवलेली नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

खोडदच्या तीस डिश

ही तक्रार मनात घेऊन मी जुन्नर तालुक्यातल्या खोडदकडं वळलो, कारण डिश फिरवण्याचं सर्वांत मोठं काम आपल्याच पुणे जिल्ह्यात चालतं. नारायणगावजवळची ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. चौदा मधल्या चौकात, सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. तिथला रेखांश ७४.०५ पूर्व, म्हणजे इन्सॅटच्या जागेच्या थेट रेषेत. पण या डिश उपग्रहांकडं पाहत नाहीत. त्या दीर्घिका, स्पंदक तारे आणि हायड्रोजनचे ढग यांच्याकडून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकतात.

यांची जाळीही आमच्या आठ फुटी डिशची मोठी बहीणच. पोलादी दोऱ्यांवर ताणलेली बारीक तारांची जाळी, वारा आरपार जाऊ देणारी. म्हणूनच एवढ्या मोठ्या डिश माफक खर्चात उभ्या राहिल्या. दोन अक्षांवर त्या फिरतात. आडव्या दिशेनं मिनिटाला तीस अंश, उभ्या दिशेनं वीस. माझी गच्चीवरची मोटर यापेक्षा तिप्पट-चौपट जलद. पण जीएमआरटीचं मोठेपण वेगात नाही. तिच्या प्रत्येक अक्षावर कोन मोजणारी चकती आहे. सतरा अंकी, म्हणजे एका वर्तुळाचे १,३१,०७२ भाग करणारी. एक भाग सुमारे दहा विकलांचा, अंशाचा तीनशे साठावा भाग. नियंत्रण कक्षात दिसणारा कोन हा हुकमातला कोन नसतो, अक्षावर मोजून परत आलेला असतो. हुकूम आणि मोजलेलं यांतला फरक यंत्रणा सतत पाहते आणि तो मिटेपर्यंत मोटर ढकलत राहते.

मला सर्वांत भावलं ते याच्याही पुढचं. एवढी चकती बसवूनही तिथले लोक तिच्यावर विसंबून राहत नाहीत. आकाशातल्या ओळखीच्या, तेजस्वी रेडिओस्रोतांवर डिश रोखून ते अधूनमधून पाहतात की चकती जिथं म्हणते तिथंच डिश खरोखर पाहते आहे का. डिशच्या वजनानं सांगाडा किंचित वाकतो, उन्हानं पोलाद प्रसरण पावतं. या चुका मोजून त्यांची दुरुस्ती हिशेबात घालतात. चकती अक्षाचा कोन सांगते. डिश कुठं पाहते ते आकाशच सांगतं. आमच्या जुन्या पेटीला ओळखीच्या उपग्रहावर आणून ‘तू इथं आहेस’ म्हणणं आणि खोडदची ही तपासणी, दोन्हींच्या मुळाशी एकच शहाणपण आहे.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अतिशय क्षीण आवाज पृथ्वीवर ऐकायला खोडदच्याच डिश लावल्या होत्या. उतरताना मध्येच तो आवाज थांबला. यानाचं काही बिनसलं आहे ही शंका येणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांपैकी आपलं जुन्नर एक होतं. त्या क्षणी डिश कुठं पाहते आहे याची पक्की खात्री नसती, तर ते मौन यानाचं की आपल्या डिशच्या चुकलेल्या नेमाचं, हे कुणी सांगितलं असतं?

त्याच तालुक्यात आर्वी आहे. फेब्रुवारी १९७२ मध्ये तिथं विक्रम भूकेंद्र सुरू झालं, काही आठवड्यांपूर्वीच गेलेल्या विक्रम साराभाईंच्या नावानं. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत परदेशी फोन आणि चित्रं देशात आणणारी तिथली डिश जवळजवळ तीस मीटरची. डिश जेवढी मोठी, तेवढी तिची नजर अरुंद. आर्वीच्या डिशची नजर अंशाच्या पाचव्या भागाएवढी. खिळलेला म्हणवणारा उपग्रहही आपल्या जागेभोवती थोडा डोलत असतो, म्हणून एवढ्या मोठ्या डिशला तो डोल पाहत सतत पाठलाग करावा लागतो. तिथं मानलेल्या आकड्यावर एक तासही निभावलं नसतं.

पडद्यानं एवढं तरी सांगावं

खोडदची चकती प्रत्येक गच्चीवर बसवा असं मी म्हणत नाही. घरगुती डिशला अंदाज पुरतो, आणि अंदाज वाईट नसतो. तो अंदाज आहे हे सांगितलं की झालं. हुकूम गेला की पडद्यावर ‘सांगितलं’ असं यावं. वेळेच्या हिशेबानं पोचली असेल तर ‘हिशेबानं पोचली’ असं. वीज मोजून कळलं असेल तर ‘मोटर थांबली’. आणि वाहिन्यांची यादी वाचून खात्री पटली तरच ‘पोचली’. चार शब्दप्रयोगांची दुरुस्ती आहे. पैसा लागत नाही, लक्ष लागतं.

पुतण्याला आता हे ठाऊक आहे. तो ‘पोचली’ असं ओरडत नाही, ‘पोचली म्हणतंय’ असं ओरडतो. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं मोठ्या डिशची तपासणी करतो. ती ७४ पूर्वेवर आणून ठेवतो. आमच्या गच्चीवरून पाहिलं तर १ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य रोजच्या फेरीत नेमका त्या उपग्रहाच्या मागून जातो. १२ मार्चच्या सुमारास तो पुन्हा एकदा तसाच जातो. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी आम्ही वर जातो. जाळीवर एलएनबीची काळी सावली कडेकडून सरकत येत असते. खाली टीव्हीवर चित्रात चौकोन फुटू लागतात, कारण सूर्याचा रेडिओकल्लोळ त्या दुबळ्या सिग्नलला झाकून टाकतो. बारा चोवीसच्या आगेमागे सावली डिशच्या मधल्या पत्र्याच्या चकतीवर येऊन बसते. त्याच मिनिटाला दर्जाची पट्टी शून्यावर जाते आणि पडद्यावर अक्षरं येतात, सिग्नल नाही.

पुतण्या सावलीकडं बोट दाखवतो. डिश अगदी बरोबर लागली आहे.